घाट उतरून बोट बघायला आणि बाजार करायला: तुमच्याही आठवणी लिहा

टिळकवाडीची
काल दसऱ्याची झाडलोट काढली होती. माळ्यावरून पत्र्याचा डबा खाली घेतला, त्यात सासूबाईंच्या बटव्याखाली निळ्या दोरीचं प्लास्टिकचं कार्ड. बोटीवर पाहुण्यांच्या गळ्यात घालतात तसलं. नंबर १४. तिथंच स्टुलावर बसले. आईंनी ते जपून ठेवलंय हे मला ठाऊकच नव्हतं, आणि आता विचारायला त्या नाहीत.

बोट बघायला गेलो त्याला तीन वर्षं झाली. गल्लीतल्या बायकांनी मिळून टेम्पो ट्रॅव्हलर केली होती. मोरमुगाव बंदराला प्रवाशांची मोठी बोट लागणार होती. भिशीतल्या एकीचा भाऊ सहलींचं बुकिंग करतो. तो म्हणाला, आधी बोट आतून बघा, दोन तास फिरा, आवडली तर पुढं पैसे भरा. वार शुक्रवार, म्हणजे येताना म्हापशाचा बाजार. निम्म्याजणी तर बाजारासाठीच निघाल्या होत्या. यादी द्यायच्या आदल्या दिवशी एक जण गळाली म्हणून आईंचं नाव घातलं.

पहाटे चारला बेळगावातून निघालो. जांबोटी, कणकुंबी, चोर्ला. कणकुंबीत गाडी थांबवायला लावून आईंनी मलप्रभेला हात जोडले. बंदराच्या गेटवर तासभर गेला. यादीतली नावं आम्ही मराठीत बोलतो तशी लिहिलेली, आधारवर ती कन्नडवरून इंग्रजीत आलेली. एकाच बाईचं आडनाव दोन तऱ्हेचं. शेवटी सोडलं.

बोट म्हणजे आमच्या गल्लीतली घरं एकावर एक रचावीत एवढी. खोली दाखवली. न्हाणीघराला वीतभर उंबरा, कपाटात नारिंगी लाइफ जॅकेटं. अत्तरं, घड्याळं, पर्सेस अशी दुकानांची ओळच होती, पण सगळी कुलूपबंद. बोट बंदरात असेपर्यंत ती उघडत नाहीत, समुद्रात लांब गेली की उघडतात. आमच्या बायका काचेला नाक लावून उभ्या.

आईंचं माहेर वेंगुर्ला. लहानपणी बोटीनं मुंबईला गेल्या होत्या, हे मी लग्नापासून ऐकत आले होते आणि कानाआड करत आले होते. वरच्या डेकवर त्यांनी कठडा दोन्ही हातांनी धरला आणि तिथल्या पोराला विचारलं, ‘पडाव खंय लागता?’ जन्म बेळगावात काढून आमच्यासारखंच बोलणाऱ्या आईंच्या तोंडून तिकडची बोली मी पहिल्यांदा ऐकली. पोराला काही कळेना. मग मलाच सांगायला लागल्या. वेंगुर्ल्याला बोट आत समुद्रात लांब उभी राहायची, काठावरून पडावातनं, म्हणजे लहान होडीतनं जायचं. लाटेनं पडाव वर आला की बोटीवरचा माणूस दंड धरून ओढून घ्यायचा. त्यांच्या आईनं आधी ट्रंक दिली, मग लेक दिली. पुढं काहीतरी सांगणार होत्या. मी म्हटलं, ‘आई चला, बाजार उठेल.’ त्या लगेच चालू लागल्या. ते पुढचं ऐकायचं माझं कायमचं राहिलं.

म्हापशात कोकमाच्या सोलांच्या ढिगापुढं आई उकिडव्या बसल्या. एक सोल चिमटीत धरून वळवलं, जिभेला टेकवलं. ‘मीठ चढ आसा गो, वजनाक घातलंस.’ बाईनं मुकाट्यानं मागचं पोतं सोडलं. त्या दिवशी सगळ्यांनी सोलं आईंना विचारून घेतली.

तुमच्याकडं असं काही असेल तर लिहा.

कॅम्पातली मावशी
अगं, वाचता वाचता भाजी लागली खाली. मन लावून घेऊ नकोस. सुनेनं बोटीवर नेलं, हेच त्या चारचौघीत सांगत असतील. रात्री लिहिते.

निपाणीकर
आम्ही संकेश्वर, गडहिंग्लज, आजरा, आंबोली असं उतरतो. २००० सालच्या जूनमध्ये गोव्यात कांदोळीच्या किनाऱ्याला रिव्हर प्रिन्सेस नावाची बोट रुतली. पेपरात फोटो बघून पप्पांनी दिवाळीच्या सुट्टीत नेलं. नाव राजकन्येचं, म्हणून मी झुंबरं, नाचघर असलं काय काय मनात धरून गेलतो. जवळून बघितलं तर गंजलेली लोखंडी भिंत. लोहखनिज वाहायची बोट ती. पण वाळूत उभं राहून मान वर करून बघताना छातीत धडधडलं होतं बगा. पुढं बारा-एक वर्षं तिथंच होती, जाऊ तेव्हा दिसायची. येताना सावंतवाडीत लाकडी फळं घेतली. त्यातलं सीताफळ अजून शोकेसमध्ये आहे.

खडेबाजार रोज
म्हापशात आईनं मोठ्या हौसेनं कोबी-फ्लॉवर घेतला. बाई म्हणाली, ‘ताजो आसा, सकाळींच बेळगावांतल्यान आयला.’ आमच्या रविवार पेठेतनं आमच्या आधीच घाट उतरलेला!

म्हापशाचा, सध्या शहापूर
खरं आहे. गोव्याची भाजी आणि दूध बरंचसं बेळगावातूनच येतं. उलट लग्न ठरलं की आमच्याकडची माणसं साड्या घ्यायला बेळगाव गाठतात. माझ्या बहिणीचं सगळं लग्न खडेबाजारात आणि शहापूरच्या साडीच्या दुकानांत झालं, परत जाताना कुंदा मिठाईचे अकरा डबे.
टिळकवाडी ताई, तुमच्या सासूबाईंची पारख बरोबर होती. चांगलं सोल मऊ असतं, दाबलं की बोटाला रंग लागतो. वर पांढरं दिसलं तर मीठ जास्त.

वडगाववाली
आम्ही कुठलं गोव्याला जातोय. सीपीएड मैदानावर प्रदर्शन लागलतं, त्याच्या तोंडालाच बोटीचा देखावा. चार मजली, दिवे, भोंगा सगळं. तिकीट काढून बोटीच्या पोटातनं आत शिरायचं आणि बाहेर पडलं की थेट स्टॉल. दोन चादरी, लोणच्याच्या बरण्या, पोराला पिपाणी. माझा धाकटा तेव्हा चार वर्षांचा, रात्री झोपेत भोंगा वाजवायचा. तो आता खरंच मर्चंट नेव्हीचा कोर्स करतोय. त्या कापडाच्या बोटीनंच त्याला वेड लावलं असं मी मनापासून मानते.

कॅम्पातली मावशी
वडगाववाली, कोर्स कुठं करतोय? भाच्यासाठी विचारते. बारावी झालाय, गणित चांगलं आहे.

वडगाववाली
मुंबईला. मेसेज कर की, सगळं सांगते. डोळे आधी तपासून घे, त्यावर बरीच मुलं अडतात.

खानापूर स्टेशन
आमची लढाऊ बोट. शाळेची सहल, अणशी घाटातनं कारवार. टागोर बीचवर आयएनएस चपळ वाळूत ठेवलीय. १९७६ ते २००५ नौदलात होती, आता संग्रहालय आहे. आत वाकूनच जावं लागतं. सरांनी विचारलं, ‘इथं किती जण झोपत असतील?’ आम्ही पोरांनी जमिनीवर आडवं होऊन मोजायला सुरुवात केली. सरांनी अडवलं नाही, उलट स्वतः कोपऱ्यात आडवे झाले. मग कारवारच्या बाजारात तासभर सोडलं. पन्नास रुपये होते, आईला शंखाचा आरसा घेतला, पंचेचाळीसला. पाच रुपयाचा उसाचा रस. आई अजून त्याच आरशात बघून कुंकू लावते.

गणेशपूर रोड
आधारवरच्या नावाचं काय केलंत ताई शेवटी? माझ्या मुलीचं दहावीच्या कार्डावर एक आणि आधारवर एक आहे.

टिळकवाडीची
दुरुस्त करून घेतलं. नाव लिहून देताना इंग्रजी स्पेलिंग स्वतः घाला, ऐकून टाइप करू देऊ नका.

चंदगडकर
पडाव शब्द वाचून राहवलं नाही. आमचे आजोबा त्या बोटींनी मुंबईला गिरणीत जायचे. रत्नागिरी, विजयदुर्ग, देवगड, मालवण, वेंगुर्ला, मग पणजी, अशी बंदरं पाढ्यासारखी म्हणून दाखवायचे. पावसाळ्यात बोट बंद, म्हणून गावी आलेला माणूस आगोटीच्या आत परतायची घाई करायचा. २०१८ साली मुंबई-गोवा ‘आंग्रिया’ बोट सुरू झाली, ती बातमी मी त्यांना वाचून दाखवली. विजयदुर्गापासून शंभरेक किलोमीटर आत समुद्रात आंग्रिया बँक नावाचं प्रवाळ आहे, तेही कान्होजी आंग्र्यांच्याच नावाचं, वगैरे सांगत होतो. आजोबांनी एवढंच विचारलं, ‘वेंगुर्ल्याला थांबते काय?’ नाही म्हटल्यावर पेपर घडी करून उशाशी ठेवला.
ताई, पुढं काय सांगणार होत्या ते मी सांगू शकणार नाही, पण आजोबा सांगायचे ते लिहितो. डेकवर ज्याची चटई आधी पडेल त्याची जागा. उलटी होऊ नये म्हणून लिंबू हुंगायचं. पोरांना मधे झोपवायचं आणि ट्रंकेला पाय लावून बाप झोपायचा. पहाटे मुंबईचे दिवे दिसले की बायका केस विंचरायला बसायच्या.

टिळकवाडीची
चंदगडकर दादा, दोनदा वाचलं. नवऱ्यालाही वाचून दाखवलं. ते म्हणाले, ट्रंक अजून आहे, आपण गहू ठेवतो ती. मी एवढी वर्षं तिला माहेरून आलेली नुसती ट्रंक समजत होते.
वेंगुर्ल्याला जाऊन यायचं ठरवलंय, दिवाळी झाली की. बंदरावर कार्ड घेऊन उभं राहायचंय. चोर्ल्यावरून बरं पडेल का?

चंदगडकर
नाही नाही, वेंगुर्ला रोडच धरा. शिनोळी, पाटणे फाटा, आंबोली, सावंतवाडी. सहाला निघा. आंबोलीत धुकं असेल, लाइट लावून सावकाश उतरा.

कॅम्पातली मावशी
गाडीत जागा असेल तर मी येते गं. येताना सोलं घेऊया.