मदत हवी आहे: 'तुला वाटेल ते लिही' म्हटलं की लेक अडून बसते (घरीच शिक्षण, वय ९, नागपूर)

नमस्कार. बरेच दिवस लिहीन लिहीन म्हणत होते. आज दुपारी जे झालं त्यानंतर बसलेच लिहायला. थोडं लांबेल, समजून घ्या.

आमची मुलगी ९ वर्षांची. दुसरीपर्यंत शाळेत गेली, आता दोन वर्षं झाली घरीच शिकते. शाळा का सोडली ते सांगते, कारण त्याचा या प्रश्नाशी संबंध आहे. अक्षर सुरेख, वह्या नीट, वर्गात गडबड नाही, त्यामुळे पालकसभेत नेहमी कौतुकच व्हायचं. घरी मात्र चार ओळींचा गृहपाठ दीड तास चालायचा. 'ळ' जरा तिरका गेला की खोडायची, परत लिहायची, परत खोडायची, पानाला भोक पडेस्तोवर. मग भोक पडलं म्हणून रडायची. एकदा निबंधाच्या तासाला तिनं काहीच लिहिलं नाही, आणि ती कोरी वही सगळ्या वर्गाला दाखवण्यात आली. दुसऱ्या दिवसापासून रोज सकाळी पोटात दुखायला लागलं. शाळेचं नाव सांगत नाही, त्याची गरजही नाही.

दहावीचं काय करणार, असा प्रश्न कृपया नको. एनआयओएसची, म्हणजे राष्ट्रीय मुक्त शाळेची, दहावी १४ वर्षं पूर्ण झाल्यावर देता येते, ते सगळं आम्ही पाहून ठेवलं आहे. माझी अडचण आजची आहे.

जिथं उत्तर एकच असतं तिथं ही पोर रमते. आजोबांनी पावकी, निमकी, पाऊणकी हे अपूर्णांकांचे पाढे शिकवले, ते तिनं एका सुट्टीत पाठ केले. मेट्रोच्या ऑरेंज आणि अ‍ॅक्वा या दोन्ही लाईनची सगळी स्टेशनं तिला ओळीनं येतात. परिसर अभ्यासाच्या पुस्तकात 'करून पहा' आलं की उडी मारून उठते. तिथंच खाली 'तुम्हाला काय वाटते?' असं आलं की चेहरा उतरतो. 'मला काय वाटते ते पुस्तकाला कसं माहीत असेल? मग उत्तर कुठे पाहायचं?' हा तिचा खराखुरा प्रश्न असतो. उद्धटपणे विचारत नाही, तिला खरंच कळत नाही.

म्हणी आणि वाक्प्रचारांचं तर विचारूच नका. 'नाचता येईना अंगण वाकडे' शिकवत होते. म्हणाली, 'अंगण वाकडं नसते, त्याला उतार असते, पाणी जायला.' 'डोळ्यांत तेल घालून' ऐकल्यावर दोन दिवस मला विचारत होती, की असं कोणी कोणाला केलं होतं का.

मागच्या हिवाळ्यात तिला शून्य मैलाचा दगड दाखवायला नेलं. तासभर तिथून हलली नाही. हैदराबाद, चांदा, जबलपूर, छिंदवाडा, ज्या ज्या गावांचं अंतर कोरलं आहे ते सगळं वहीत उतरवून घेतलं. तिथले घोड्यांचे पुतळे मोजले. घरी येऊन आजच्या अंतरांशी ताडून पाहिलं आणि फरक का येतो यावर बाबाशी रात्री झोपेपर्यंत बोलत होती. मला वाटलं, आता हिचं मन उघडलं आहे, हीच वेळ. म्हटलं, 'त्या दगडाला काय वाटत असेल ते पाच ओळीत लिही.' तिनं वही बंद केली. 'दगडाला काही वाटत नाही, आई.' त्यानंतर आठ दिवस शून्य मैलाचा विषयही काढला नाही. ती वही मी आजही पाहते तेव्हा मला माझ्या त्या एका वाक्याचं वाईट वाटतं.

आणि आजचं. बाहेर ४५ च्या वर ऊन, घरात कूलर, सगळे घरात कोंडलेले. मी 'झाडाचे मनोगत' दिलं. अंगणातला कडुनिंब समोर दिसतोच आहे, सोपं जाईल असं वाटलं.

'झाड बोलत नाही.'

'समज, बोलतं.'

'मग मराठीत बोलन का? त्याला शब्द कोणी शिकवले?'

मी जरा थकलेच होते. म्हटलं, 'तुला वाटेल ते लिही गं, यात चुकीचं काहीच नाही.' तर ती एकदम रडायलाच लागली. हुंदके देत म्हणाली, 'चुकीचं काही नाही तर बरोबर पण काही नाही. मग तू तपासशील कशी?'

मला उत्तर देता आलं नाही.

आतापर्यंत केलेले उपाय: चार विषय देऊन त्यातला निवडायला सांगितलं, तर 'यातला बरोबर कोणता?' घड्याळ लावलं, तर हात थरथरायला लागले, ते त्याच दिवशी बंद केलं. मी आधी लिहून दाखवलं, तर तेच जसंच्या तसं, माझ्या काना-मात्रेसकट उतरवलं आणि खूश झाली. दोन उत्तरं बरोबर असू शकतात हे तिला मुळीच सहन होत नाही. 'त्यातलं जास्त बरोबर कोणतं ते सांग' म्हणते. चित्रकलेत पट्टी आणि कंपास दिला तर दोन तास, कोरा कागद दिला तर शून्य. मेट्रोच्या नकाशात एक स्टेशन जरासं सरकलं, तर पूर्ण झालेला कागद फाडून टाकला.

तोंडी मात्र ती भरभरून सांगते. पोळ्याच्या दुसऱ्या दिवशी मारबतीची, म्हणजे आमच्याकडच्या मोठमोठ्या पुतळ्यांची, मिरवणूक पाहून आली. काळी मारबत, पिवळी मारबत, कोणता बडग्या (टीका करणारा पुतळा) कशावर होता, कोणाच्या मागे कोण, अर्धा तास एका दमात, क्रम न चुकवता. 'तुला कसं वाटलं?' विचारलं तर 'गर्दी होती.'

घरच्यांचं म्हणणं वेगळंच. जाऊबाई म्हणतात, 'काऊन एवढं मनावर घेऊन राहिली, शाळेत टाक न पोट्टीले, चार पोरांत आपोआप होईल.' चार पोरांत काय झालं ते मी पाहिलेलं आहे.

मला विचारायचं आहे ते असं. हे कल्पनेचं, मनचं लिहिणं या वयात करून घ्यायलाच हवं का, की दोन वर्षं बाजूला ठेवलं तरी चालेल? बाजूला ठेवून आपण तिला तिच्या भीतीतच सोडतो आहोत, असं तर होणार नाही ना? आणि करून घ्यायचं असेल तर न रडवता कसं? ज्यांच्या घरी असं मूल आहे त्यांनी कृपया सांगा. 'लाडावून ठेवली आहे' हे ऐकून झालेलं आहे.

प्रतिसाद, वर्धेची मास्तरीण:

ताई, प्राथमिकला २२ वर्षं शिकवते आहे. तुमच्या मुलीनं जे विचारलं, 'तू तपासशील कशी', त्यातच तुमचं उत्तर आहे. आपण 'काहीही लिही' म्हणतो पण मनात काहीतरी धरून बसलेलो असतो, आणि बहुतेक मुलं ते बरोबर ओळखतात. हिला ते ओळखता येत नाही. तिला वाटत असणार, की उत्तर आहे आणि मोठी माणसं ते लपवून ठेवताहेत. म्हणून तपासणी कशी होणार ते आधीच सांगून टाका. 'कडुनिंबावर पाच वाक्यं. प्रत्येकात डोळ्यांनी पाहिलेली एक गोष्ट. दोन वाक्यांत आकडा. एका वाक्यात "मला वाटतं" आणि पुढे "कारण". एवढं असलं की पूर्ण गुण.' मनोगत वगैरे तूर्त राहू द्या. निरीक्षणाचं लेखन हेही लेखनच आहे, ते कमी दर्जाचं मानू नका.

खोडरबर काही दिवस कपाटात ठेवा. एक वही 'कच्ची वही' म्हणून ठरवा, त्यात पेननंच लिहायचं, चुकलं तर एक आडवी रेघ मारायची. हा नियम आहे असं सांगा. नियम म्हटल्यावर ती पाळेल. आणि तुम्हीही तिच्यासमोर त्याच वहीत लिहा आणि खोडा. मोठ्यांची खाडाखोड या मुलांनी पाहिलेलीच नसते, छापलेली पुस्तकंच पाहिलेली असतात.

आणखी एक. येता-जाता 'किती हुशार' म्हणणं घरात सगळ्यांनी थांबवा, आजी-आजोबांनीसुद्धा. म्युलर आणि ड्वेक या दोघी मानसशास्त्रज्ञांनी १९९८ साली अमेरिकेतल्या पाचवीच्या मुलांवरचा अभ्यास प्रसिद्ध केला होता. हुशारीचं कौतुक झालेली मुलं त्यानंतर सोपं काम निवडत होती, अवघडात पडल्यावर लवकर खचत होती. मेहनतीचं कौतुक झालेल्यांचं तसं झालं नाही. मी माझ्या वर्गात 'छान' ऐवजी 'हे वाक्य तू तीनदा बदललंस' असं म्हणायला लागले, तेव्हा काही पोरं सैलावलेली मी पाहिली आहेत.

प्रतिसाद, दोन मुलांचा बाबा:

मास्तरीणबाईंशी सहमत. एक गोष्ट जोडतो, गैरसमज करून घेऊ नका. शब्दशः अर्थ घेणं, बदल सहन न होणं, चुकीची इतकी भीती, याला कारणं वेगवेगळी असतात. कधी नुसता स्वभाव, कधी चिंता, कधी स्वमग्नतेच्या (ऑटिझमच्या) छटा, कधी मूल वयाच्या मानानं खूप पुढे असतं, आणि कधी यातलं दोन-तीन एकत्र. इथे बसून कोणी सांगू शकणार नाही. आमच्या मोठ्याला आम्ही बालविकासतज्ज्ञांकडे नेलं ते तो ११ वर्षांचा झाल्यावर, आणि आधी नेलं असतं तर तीन वर्षांची रडारड वाचली असती, असं मला आजही वाटतं. निदान काय आलं त्यापेक्षा त्याला कसं सांगायचं हे आम्हाला कळलं, ते मोलाचं होतं. शिवाय लिहिताना तिचा हात दुखतो का, पेन्सिल फार दाबून धरते का, तेही पाहून घ्या. तोंडी भरभरून आणि कागदावर शून्य, यामागे कधी कधी हातही असतो.

मूळ लेखिका:

दोघांचेही मनापासून आभार. गैरसमज अजिबात नाही दादा, हा विचार आमच्या मनात येऊन गेला होता, धीर होत नव्हता. वेळ घेतली आहे. हाताचं तर मी कधी पाहिलंच नव्हतं. आज पाहिलं, पेन्सिल इतकी घट्ट धरते की बोटाचं टोक पांढरं पडतं. कच्ची वही आजपासून सुरू.

प्रतिसाद, टाळकरी:

बाई, मी शिक्षक नाही, गावाकडे भजनी मंडळात टाळ धरणारा माणूस आहे. तुमची पोरगी मोजण्यात रमते हे वाचलं म्हणून लिहितो. तिला अभंगाचं माप सांगून पाहा. मोठ्या अभंगाच्या एका कडव्यात चार चरण, पहिल्या तिघांत सहा-सहा अक्षरं, चौथ्यात चार. दुसऱ्या आणि तिसऱ्या चरणाचं यमक जुळवायचं. ऱ्हस्व-दीर्घ पाहायचं नाही, जोडाक्षर एकच मोजायचं. एवढाच हिशेब. बोटांवर मोजता येतो, बरोबर की चूक तिचं तिलाच तपासता येतं. दगडाला काय वाटलं ते विचारायची गरजच नाही, डोळ्यांपुढे असेल ते मापात बसवायचं. आमच्याकडे शाळा न शिकलेल्या बाया जात्यावर ओव्या रचत, त्यांना कोणी 'तुला वाटेल ते म्हण' असं सांगितलेलं नव्हतं. चाल ठरलेली होती, त्या चालीत त्यांनी आपलं सगळं आयुष्य सांगितलं.

मूळ लेखिका, तीन आठवड्यांनी:

नवतपा, म्हणजे कडक उन्हाचे नऊ दिवस, संपला, आता मृगाची वाट पाहतो आहोत. काय झालं ते सांगायला आले.

तज्ज्ञांकडे दोन भेटी झाल्या, अजून चाचण्या बाकी आहेत, त्याबद्दल आत्ता काही लिहीत नाही. जाड पेन्सिल आणि उतरती पाटी वापरायला सांगितली, त्यानं हात पुष्कळ सैल झाला.

कडुनिंबाची पाच वाक्यं तिनं पहिल्याच दिवशी लिहिली. एका डहाळीची पानं मोजून आली. 'मला वाटतं'चं वाक्य मात्र चार दिवस कोरं राहिलं. पाचव्या दिवशी लिहिलं: 'मला वाटतं झाडाखाली कमी गरम आहे कारण मी दोन्हीकडे अनवाणी उभी राहिली.' मी तपासून पूर्ण गुण दिले. कच्च्या वहीत अजून कधी कधी पान फाटतं, नाही असं नाही. परवाच दोन फाटली.

टाळकरी काका, तुमचं माप तिला सांगितलं त्या दिवशी ती बोटं मोजत घरभर फिरत होती. 'कूलर'मध्ये तीन अक्षरं, 'नागपूर'मध्ये चार, अशी. दोन दिवस नुसती मोजणी चालली, मी काही मागितलं नाही. तिसऱ्या दिवशी दुपारी कूलरमधलं पाणी संपलं, मी उठले, आणि परत आले तर कच्च्या वहीत हे होतं:

कूलरचे पाणी
संपले दुपारी
आईची तयारी
बादलीने

'यात सगळं खरं आहे,' ती म्हणाली. 'मोजून पाहा.'

मी बोटांवर मोजलं. बरोबर होतं. मी काही बोलायच्या आत तिनंच विचारलं, 'आई, आपण कधी कधी पाइपानं पण भरतो न? पा-इ-पा-ने. चार होतात. मग यातलं बरोबर कोणतं?'

मी म्हटलं, 'तूच तपास.'

तिनं दोन्ही पुन्हा मोजले. बराच वेळ वहीकडे पाहत बसली. मग 'बादलीने' न खोडता त्याच्याखाली 'पाइपाने' लिहिलं, आणि दोन्हीपुढे बरोबरची खूण केली.