‘किडनीला सूज’ म्हणजे नेमकी कुठली? नेफ्रायटिक आणि नेफ्रॉटिक

विट्याहून:
थोरल्या भावाचा पोरगा सहा वर्षांचा. आठ दिवस सकाळी डोळे सुजून यायचे, संध्याकाळी पायावर मोज्याचा वण रुतलेला दिसायचा. मिरजेला दाखवलं, कागदावर ‘नेफ्रॉटिक सिंड्रोम’ लिहून आलं. गल्लीतल्या काकू म्हणाल्या, “आमच्या पोरीलाबी हेच झालंतं, किडनीला सूज. आपोआप बरी झाली.” त्यांची जुनी फाइल बघितली, तर तिच्यावर ‘नेफ्रायटिक’. एकच शब्द दोन तऱ्हांनी लिहिलाय, की दुखणीच दोन आहेत? मराठीत दोन्हीला ‘किडनीला सूज’च म्हणायचं का?

मिरजेतून:
दादा, दुखणी दोन आहेत. मी लॅबमध्ये रोज लघवीच तपासते, त्यामुळे तिथूनच सांगते.

नेफ्रॉटिकचा नमुना रंगाने साधा असतो, पण डबी हलवली की ताकावर यावा तसा फेस येतो आणि लवकर मोडत नाही. परीक्षानळी तापवली की लघवी पांढुरकी, गढूळ होते. अ‍ॅसिटिक आम्लाचे दोन-तीन थेंब टाकूनही गढूळपणा गेला नाही, की ते प्रथिन. मोठ्या माणसाच्या लघवीतून एरवी दिवसाला १५० मिलिग्रॅमच्या आतच प्रथिन जातं, नेफ्रॉटिकमध्ये ३.५ ग्रॅमच्या वर. मुलांची मापं वेगळी. मग रक्तातलं अल्ब्युमिन नावाचं प्रथिन उतरतं, पाणी अंगात साठतं आणि तोंड-पाय सुजतात.

नेफ्रायटिकचा नमुना बऱ्याचदा डबीतच ओळखू येतो: कोऱ्या चहाच्या रंगाचा. तो मशिनवर फिरवून तळाचा साका सूक्ष्मदर्शकाखाली धरला की वेड्यावाकड्या झालेल्या तांबड्या पेशी दिसतात, आणि कधी त्यांचे लांबट दंडगोलही. त्यांना ‘कास्ट’ म्हणतात, म्हणजे साच्यातून निघालेला आकार. इथे साचा म्हणजे मूत्रपिंडातली बारीक नळी. कास्ट दिसला की रक्त खाली मूत्राशयात नव्हे, वर मूत्रपिंडातच मिसळलंय हे कळतं. सोबत लघवी कमी, बीपी वाढलेलं, रक्तातलं क्रिएटिनिन (किडनीने गाळून टाकायचा कचरा) चढलेलं. ल्युपससारख्या, म्हणजे शरीराची प्रतिकारशक्ती स्वतःवरच उलटते अशा आजारात दोन्ही चित्रं एकत्रही दिसतात.

काकूंना एक विचारा: पोरीला आधी घसा धरला होता का, की अंगावर पिकलेले फोड होते?

साताऱ्याहून:
मी मराठी शिकवतो, म्हणून शब्दांपुरतं बोलतो. ‘नेफ्रोस’ म्हणजे ग्रीकमध्ये मूत्रपिंड. ‘आयटिस’ टॉन्सिलायटिसमध्ये आहे तोच: दाह. ‘नेफ्रॉटिक’ ज्यावरून आला तो ‘नेफ्रोसिस’ हा शब्द १९०५ साली जर्मन डॉक्टर फ्रीड्रिश म्युलर यांनी आणला, तो मुद्दाम ज्या बिघाडात दाह दिसत नाही त्याच्यासाठी. म्हणजे या दोन शब्दांतला फरक मुळातच हेतूने केलेला आहे.

आपण तो ‘सूज’ या एका शब्दात बुडवतो. तोंडावर पाणी साठलं तरी सूज, मूत्रपिंडाच्या गाळणीला दाह झाला तरी सूज, आणि खड्याने लघवी तुंबून सोनोग्राफीत किडनी फुगलेली दिसली तरी सूजच! ‘मूत्रपिंडदाह’ शब्द बरोबर आहे, पण ऐकणाऱ्याला लघवीची जळजळ वाटते. माझं मत असं, की नुसती ‘सूज’ म्हणू नये. नेफ्रॉटिकला ‘लघवीतून प्रथिनं जातात’, नेफ्रायटिकला ‘किडनीच्या गाळणीला दाह होऊन रक्त जातं’ म्हणावं. शब्द लांबले तरी घरच्यांना काय बघायचं ते कळतं.

विट्याहून:
ताई, काकूंना विचारलं. पोरीच्या पायावर फोड उठले होते, ते सुकल्यावर दोन-तीन आठवड्यांनी लघवी लाल झाली.

मिरजेतून:
मग ते फोडांतल्या स्ट्रेप्टोकॉकस जंतूनंतरचं नेफ्रायटिस असावं. मुलं त्यातून बहुधा पूर्ण बरी होतात आणि ते सहसा उलटत नाही. तुमच्या पुतण्याचं तसं नाही. स्टेरॉइडने बहुतेक मुलांना उतार पडतो, पण पुष्कळांना ते पुन्हा उलटतं. म्हणून काकूंचं ऐकून गोळ्या मध्येच थांबवू नका. एक वही करा. रोज सकाळची पहिली लघवी प्रथिन दाखवणाऱ्या पट्टीने तपासून तारखेपुढे लिहा: निरंक, एक प्लस, दोन प्लस. सलग तीन दिवस तीन प्लस आलं, तर सूज दिसायची वाट न बघता डॉक्टरांना फोन करा.