धर्मांचा तुलनात्मक अभ्यास मेजर म्हणून: पुण्यात राहून कसा जमवावा?

सदाफुली: बारावी कला शाखा झाली. जगातल्या धर्मांचा अभ्यास करायचा आहे, श्रद्धा म्हणून नाही, विद्याशाखा म्हणून. पदवीला या नावाचा मेजर (मुख्य विषय) सापडत नाही. तत्त्वज्ञान घेऊ की इतिहास? पुढे नेट (प्राध्यापकीसाठीची राष्ट्रीय पात्रता परीक्षा) देता येईल का? निदान पदवीपर्यंत तरी पुणे सोडता येणार नाही.

पोथीवाला: पाटीवरचं नाव शोधू नका, भाषा शोधा. मेजर तत्त्वज्ञान ठेवा नाहीतर इतिहास, पण मायनरला (दुय्यम विषयाला) एक मूळ भाषा हवीच. पालीने थेरवादी बौद्धांचं त्रिपिटक उघडतं, अर्धमागधीने श्वेतांबर जैनांचे आगम. दिगंबर जैनांचे जुने ग्रंथ शौरसेनी प्राकृतात आहेत. संस्कृत पक्कं असेल तर पारशांच्या धर्मग्रंथाची, अवेस्ताची, भाषाही फार परकी वाटत नाही. तिकडचा ‘ह’ म्हणजे बऱ्याचदा इकडचा ‘स’: अहुर-असुर, हओम-सोम, हप्त-सप्त.

सावित्रीबाई फुले पुणे विद्यापीठात पाली व बौद्ध अध्ययनाचा विभाग आहे, संस्कृत-प्राकृतचाही आहे. हस्तलिखितांसाठी विधी महाविद्यालय रस्त्यावरची भांडारकर संस्था (१९१७) आहेच. मायनरच्या जोड्या कॉलेजागणिक बदलतात, म्हणून अर्ज भरायच्या आधी त्यांची यादी मागून घ्या. पालीची सुरुवात धम्मपद या बौद्ध ग्रंथापासून करा. ४२३ गाथा आहेत, बहुतेक छोट्या, आणि व्याकरण सोबत शिकत जाता येतं.

कसबेकर: भाषेचं पटलं. एक गल्लत मात्र टाळा. नगर रस्त्यावरचं ज्ञानदीप विद्यापीठ किंवा बिबवेवाडीचं युनियन बिब्लिकल सेमिनरी इथे शिकवतात ते ख्रिस्ती धर्मशास्त्र, म्हणजे श्रद्धेच्या आतून केलेला विचार. तो उत्तम असू शकतो, पण तुमचा विषय तो नव्हे.

सरकारी विद्यापीठात धर्म शिकवणं घटनेत बसतं का, हा प्रश्न घरी हमखास येतो. अनुच्छेद २८ ने पूर्णपणे सरकारी पैशावर चालणाऱ्या संस्थेत धार्मिक शिक्षणाला मनाई आहे. धर्मांविषयीचा अभ्यास त्यात मोडत नाही, हे सर्वोच्च न्यायालयाने २००२ साली अरुणा रॉय खटल्यात मान्य केलं.

बोरू: नेटबद्दल. ‘धर्मांचा तुलनात्मक अभ्यास’ हा नेटचा स्वतंत्र विषय आहे, क्रमांक ६२. मेख अशी की एमएवरून नेट द्यायची तर ज्या विषयात एमए, त्याच विषयात द्यायची. तत्त्वज्ञानात एमए केलंत तर नेट तत्त्वज्ञानाची. त्या वाटेने ६२ हवा असेल तर एमए त्याच विषयाचं हवं. पतियाळाच्या पंजाबी विद्यापीठात धर्म अध्ययनाचा विभाग १९६७ पासून आहे. म्हणजे तीन-चार वर्षांनी पुणे सोडायचा प्रश्न पुन्हा येणार, तो आत्ताच घरी बोलून ठेवा. एमएला ५५ टक्के लागतात, राखीव प्रवर्गांना ५०.

नळस्टॉप: पद्धतीबद्दल कुणीच बोललं नाही. नवख्यांचे प्रकल्प बहुतेक एकाच जागी फसतात: आपल्या धर्माचा ग्रंथ घ्यायचा आणि दुसऱ्याचं आचरण. उपनिषद एका पारड्यात, शेजारच्या गल्लीतला उरूस दुसऱ्यात. ग्रंथाशी ग्रंथ लावा, विधीशी विधी, आणि पहिल्या प्रकल्पात दोनच परंपरा घ्या. ‘धर्म’ हा शब्दही जपून वापरा. मराठीत त्यात कर्तव्यही येतं, शेजारधर्मही येतो. अरबीत धर्माला ‘दीन’ म्हणतात, त्याचा पसारा वेगळा.

क्षेत्रभेटींसाठी पुणे सोयीचं आहे. लाल देऊळ, म्हणजे कॅम्पातलं १८६७ चं सिनेगॉग (ज्यूंचं प्रार्थनास्थळ), तिथे आगाऊ परवानगी काढा. पुरुषांनी डोकं झाका. शब्बाथच्या (ज्यूंच्या साप्ताहिक विश्रांतीच्या) दिवशी वही, पेन, मोबाईल बाहेर काढू नका, त्या दिवशी लिहिणंच निषिद्ध असतं. टिपणं घरी येऊन त्याच रात्री लिहा. दुसऱ्या दिवशीपर्यंत प्रार्थनेचा क्रम डोक्यात उलटसुलट होतो. आग्यारीत बिगरपारशांना प्रवेश नाही, तिथे हट्ट करू नका. मुलाखती बाहेरच घ्या.

सदाफुली: आभार. इस्लाम घ्यायचा तर उर्दूवर भागेल का?

पोथीवाला: भारतातल्या इस्लामसाठी बरंच. कुराणासाठी अरबीच. उर्दूने लिपीची भीती जाते, व्याकरण मात्र मुळातून शिकावं लागतं. बहुतेक शब्द तीन व्यंजनांच्या धातूवर उभे असतात: क-त-ब पासून किताब, कातिब, मक्तब. पारंपरिक कोशही धातूनुसारच लावलेले, त्यामुळे ‘मक्तब’ म च्या पानावर शोधाल तर सापडणार नाही. महिनाभर नुसते धातू ओळखायचा सराव करा, कोश नंतर घ्या.