अन्यायाविरुद्ध बोलताना राग आवरणे म्हणजे माघार घेणे का?

प्रश्न (अशोक चौक, सोलापूर):
माझी आई वर्षानुवर्षे घरी विड्या वळून कारखान्यात नेऊन देते. अलीकडे तेथील विड्या तपासणारा चेकर फार छाट काढू लागला आहे, म्हणजे विड्या खराब ठरवून नाकारू लागला आहे. पान फाटके त्यांनीच द्यायचे आणि विडी नीट वळली गेली नाही म्हणून मजुरी मात्र आईची कापायची, असा हा न्याय आहे. परवा मी सोबत गेले होते, तेव्हा जुडीवरून नुसते बोट फिरवून त्याने मूठभर विड्या बाजूला सारल्या आणि सर्वांदेखत आईला म्हणाला, "हात थरथरत असतील तर घरी बसा." मी तोंड उघडणार, तोच आईने माझे मनगट घट्ट दाबले. शांतपणे बोलून काम होईल, असे तिचे म्हणणे आहे. शांत राहणे आणि सोसत राहणे यांत फरक कोठे करायचा, हे जाणकारांनी कृपया सांगावे.

उत्तर १ (जुळे सोलापूर):
ताई, हा फरक महाडच्या सत्याग्रहात स्पष्ट दिसतो. २० मार्च १९२७ रोजी चवदार तळ्याचे पाणी प्यायल्यानंतर परिषदेच्या मंडपावर हल्ला झाला, माणसे रक्तबंबाळ झाली आणि प्रतिकारासाठी हात शिवशिवत असलेल्या आपल्या अनुयायांना डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी आवरले. ही माघार नव्हती, कारण हल्लेखोरांविरुद्ध फिर्यादी दाखल झाल्या. डिसेंबरमध्ये हजारो लोक पुन्हा जमलेले असताना न्यायालयाचा मनाईहुकूम आडवा आला, तेव्हा तळ्यावर जाणे तहकूब करून बाबासाहेबांनी तो दावा चिकाटीने लढवला. १९३७ साली मुंबई उच्च न्यायालयाचा निकाल अस्पृश्यांच्या बाजूने लागला. दहा वर्षे हक्काची मागणी तसूभरही न सोडणाऱ्या या संयमाला सोसणे कोण म्हणेल?

उत्तर २ (पूर्व भाग):
माझ्या सासूबाई विडी कामगार होत्या, म्हणून थोडे व्यवहाराचे लिहिते. गप्प बसू नका; त्याच जागी, आवाज न चढवता म्हणा, "दादा, यातल्या खराब विड्या कोणत्या ते दाखवा, आणि किती काढल्या ते वहीत लिहा." आपण ओरडलो की छाट बाजूला राहते आणि चर्चा आपल्या वागण्याची सुरू होते, चेकरला तेच हवे असते. खराब पान मिळाले, तर ते घेतानाच सर्वांसमोर दाखवावे. दिलेल्या आणि नाकारलेल्या विड्यांचा आकडा रोज घरी तारखेसह लिहावा आणि शेजारच्या बायकांनाही लिहायला सांगावे, कारण एकटीची तक्रार भांडण ठरते, दहाजणींच्या वह्या मात्र पुरावा ठरतात. १९६६ च्या विडी व सिगार कामगार कायद्यातच कच्चा माल, नाकारलेल्या विड्या आणि त्यांची मजुरी यांवरील वाद सोडवण्याची तरतूद होती. आता नव्या श्रमसंहिता आल्या असल्याने अर्ज कोणत्या तरतुदीखाली करायचा, हे युनियनमध्ये किंवा कामगार आयुक्त कार्यालयात आधी विचारून घ्यावे.

उत्तर ३ (होटगी रस्ता):
वरील सल्ला योग्य आहे. तरीही एक गोष्ट मला खटकते. शांत राहण्याचा उपदेश नेहमी ज्याच्यावर अन्याय झाला त्यालाच का केला जातो? चेकरला सभ्यपणे बोलायला कोणी सांगितले का? मे १९३० मध्ये याच शहरातील लोकांचा संताप उसळला, त्याचे निमित्त करून सरकारने मार्शल लॉ पुकारला आणि १२ जानेवारी १९३१ रोजी मल्लप्पा धनशेट्टी, कुर्बान हुसेन, जगन्नाथ शिंदे व श्रीकिसन सारडा यांना येरवड्यात फाशी दिले. त्या लोकांचा राग चुकीचा होता, असे मी कधीही म्हणणार नाही. पण सत्ता समोरच्या रागाची वाटच पाहत असते, हे त्यातून दिसते. तेव्हा ताई, राग मनात अवश्य ठेवा, त्याच्याशिवाय ही वही तुम्ही महिनाभरही लिहिणार नाही. फक्त तो केव्हा आणि कोणत्या शब्दांत बाहेर काढायचा, हे चेकरला ठरवू देऊ नका.

प्रश्नकर्ती:
सर्वांचे मनापासून आभार. आईला हे सारे वाचून दाखवले. वही लिहायला ती तयार आहे, आमच्या गल्लीतील आणखी दोघीही तयार आहेत. "घरी बसा" या वाक्याबद्दलही मला त्याच्याशी बोलायचेच आहे, कारण ते मजुरीच्या हिशेबात कोठेच येणार नाही. वयाने मोठ्या बाईशी असे बोलू नये, एवढेच मी त्याला उद्या सर्वांसमोर सांगणार आहे.