मदत हवी आहे: डीकॅफ (कॅफीन काढलेल्या) कॉफीचा खरंच फायदा होतो का?

आईचं वय ६२. झोप उडालीये, अधूनमधून छातीत धडधडतं, शुगर बॉर्डरवर. दिवसाला तीन कप फिल्टर कॉफी, प्रत्येकी दोन चमचे साखर. ईसीजी पाहून डॉक्टरांनी कॅफीन कमी करायला सांगितलंय. डीकॅफ दिली तर चालेल का? पित्तही कमी होईल का? ती रसायनांनी बनवतात म्हणे, त्याचं काय?

प्रतिसाद १
झोप आणि धडधडीसाठी जरूर बदला. २४० मिली साध्या कॉफीत ९५ मिग्रॅच्या आसपास कॅफीन असतं (चिकोरी मिसळलेली असेल तर कमी), डीकॅफमध्ये बहुधा २ ते ५. निम्मं कॅफीन शरीरातून जायला साधारण पाच तास लागतात. म्हणजे संध्याकाळी पाचला घेतलेल्या कॉफीतलं अर्धं कॅफीन रात्री दहालाही अंगात असतं. म्हणून आधी तोच कप बदला, चार-पाच दिवसांनी दुपारचा, शेवटी सकाळच्या कपात निम्मी साधी, निम्मी डीकॅफ पावडर. एकदम बंद केली तर दिवसभरातच डोकं ठणकायला लागतं, आणि मग लोक डीकॅफलाच दोष देतात. डोकेदुखीच्या काही गोळ्यांतही कॅफीन असतं, पाकीट वाचून घ्या.

प्रतिसाद २
शुगरबद्दल: टाइप २ मधुमेहाचा धोका डीकॅफ पिणाऱ्यांतही कमी आढळतो. त्यामुळे श्रेय कॅफीनला नसून कॉफीतल्या क्लोरोजेनिक आम्लासारख्या इतर घटकांना असावं. यकृताबाबतही तसंच चित्र आहे. पण ही निरीक्षणं आहेत, उपचार नव्हे. रोजची सहा चमचे साखर तशीच ठेवून डीकॅफकडून शुगर उतरण्याची अपेक्षा करू नका. आधी साखर अर्ध्यावर आणा.

पित्ताची मात्र खात्री नाही. डीकॅफनेही पोटात आम्ल सुटतं. रिकाम्या पोटी देऊ नका. थायरॉइडची गोळी असेल तर त्यानंतर तासभर कॉफी नको. लोहाच्या गोळीसोबतही घेऊ नका, लोह नीट शोषलं जात नाही.

प्रतिसाद १
रसायनांचं: कॅफीन कच्च्या बियांतूनच काढतात. त्यासाठी वापरलं जाणारं मिथिलीन क्लोराइड हे द्रावक ४० अंशांनाच उकळतं आणि बिया २०० अंशांच्या आसपास भाजतात, त्यामुळे उरतं ते अगदी नगण्य. युरोपात भाजलेल्या कॉफीत ते किलोमागे २ मिग्रॅपर्यंतच असावं अशी मर्यादा आहे. तरीही नको असेल तर पाण्याने किंवा कार्बन डायऑक्साइडने कॅफीन काढलेली घ्या. पुडीवर पद्धत लिहिलेली नसेल तर कंपनीला विचारा.

आणखी एक. कोलेस्टेरॉल वाढलेलं असेल तर कागदी फिल्टर वापरा. एलडीएल (वाईट कोलेस्टेरॉल) वाढवणारं कॉफीतलं तेल कागद अडवतो, धातूची जाळी तितकं अडवत नाही. हे डीकॅफलाही लागू आहे.