मालवणात बारमाही सुरमई थाळी: हॉटेलांनी ती बंद करावी का?

मूळ मत

मालवणात नुकताच ज्या हॉटेलात जेवलो, तिथे छापील मेनू नाही. सकाळचा लिलाव आटोपला, की रापणीत (किनाऱ्यावरून ओढायच्या मोठ्या जाळ्यात) किंवा लहान होड्यांना जे सापडले तेवढेच फळ्यावर लिहिले जाते. त्या दिवशी तिरफळे घातलेले बांगड्याचे तिखले आणि तिसऱ्यांचे (शिंपल्यांचे) सुके मिळाले, सुरमई नव्हती. माझ्या मते किनाऱ्यावरच्या प्रत्येक हॉटेलाने हीच पद्धत स्वीकारली पाहिजे. सुरमई साधारण दोन फुटांच्या पुढे वाढल्यावरच पहिल्यांदा अंडी घालते. थाळीत जेव्हा मधल्या काट्यासकट जेमतेम दोन-तीन बोटे रुंदीच्या गोल चकत्या येतात, तेव्हा तो मासा एकदाही प्रजनन न करता कापला गेलेला असतो. राज्य शासनाने सप्टेंबर २०२३ मध्ये ५४ प्रजातींसाठी किमान आकार ठरवून दिले आणि त्याच महिन्यात पापलेटला राज्यमासा घोषित केले; तरीही हाताच्या पंजाएवढी पापलेटे सर्रास तळली जातात. वर्षभर एकाच माशाची हमी देणारा मेनूच या पिल्लांना गिऱ्हाईक मिळवून देतो.

प्रतिसाद: रापणकर कुटुंबातील

आपली कळकळ मान्य आहे, परंतु रोख चुकीच्या ठिकाणी आहे. फेब्रुवारी २०१६ च्या शासन आदेशाने पर्ससीन (थव्याला घेरून तळाशी आवळल्या जाणाऱ्या मोठ्या जाळ्याच्या) मासेमारीवर निर्बंध आले, नोव्हेंबर २०१७ मध्ये केंद्राने प्रखर दिवे लावून होणारी मासेमारी बंद केली, आणि तरीही रात्री क्षितिजावर दिव्यांची रांग दिसल्याची तक्रार किनाऱ्यावर कायम आहे. ट्रॉलच्या (बोटीमागून ओढल्या जाणाऱ्या) जाळ्यात आलेले पिल्लू हॉटेलने नाकारले म्हणून ते जिवंत होत नाही; ते मासळीच्या कुटीच्या (वाळवून केलेल्या भुकटीच्या) कारखान्यात जाते आणि मच्छीमाराला किलोमागे कवडीमोल भाव मिळतो. कायदा समुद्रात राबवायचा सोडून जेवणाऱ्याच्या ताटाशी वाद घालणे मला पटत नाही. बांगडा, तारली, पेडवे हे आम्ही पिढ्यान्‌पिढ्या मोसमाप्रमाणेच खात आलो आहोत. त्याला शाश्वत म्हणून जादा दर लावला, तर गावातल्या माणसालाच ते हॉटेल परवडणार नाही.

प्रतिसाद: खाणावळ चालवणारी

दोघांनाही एक अडचण सांगते. यांत्रिक होड्यांना १ जून ते ३१ जुलै बंदी असते, आणि नेमक्या त्याच पावसात पर्यटकांच्या गाड्या येऊन थांबतात. पहिला प्रश्न सुरमईचाच असतो. नाही म्हटले तर मंडळी शेजारी जातात, जिथे शीतगृहातला मासा ताजा म्हणून वाढला जातो. मी त्या दिवसांत खाडीतले मासे, सुक्या बांगड्याची चटणी आणि सुकटाची किसमूर ठेवते, आणि ज्यांनी एकदा खाल्ले ते पुन्हा मागतात. पण एकटीने नियम पाळायचा म्हणजे तोटा एकटीने सोसायचा. आकाराची अट सर्व हॉटेलांना सारखीच लावली, तपासणी लिलावाच्या जागीच झाली, तर मी उद्यापासून तयार आहे.

मूळ मत मांडणाऱ्याचे उत्तर

जाळ्यात मेलेले पिल्लू परत येत नाही, हे खरे. मात्र पिल्लाला चांगला भाव मिळेनासा झाला, तरच बारीक आसाचे (छिद्रांचे) जाळे टाकणे आतबट्ट्याचे ठरेल, आणि हा भाव आमच्यासारखे गिऱ्हाईकच ठरवते. लिलावाच्या जागी तपासणीची सूचना मला पूर्ण मान्य आहे. हॉटेलांनी मेनू बदलण्यासाठी तिची वाट पाहू नये, एवढाच आग्रह आहे. सुरमईऐवजी तारली खाल्ली, तर किनाऱ्याचे काहीही बिघडणार नाही.

प्रतिसाद: रापणकर कुटुंबातील

तारलीच्या बाबतीत इतके निश्चिंत राहू नका. केरळात २०१२ मध्ये जवळपास चार लाख टन तारली मिळाली आणि २०२१ मध्ये ती साडेतीन हजार टनांच्याही खाली आली. त्यात समुद्राच्या बदलत्या हवामानाचा मोठा वाटा मानला जातो. सगळ्या हॉटेलांनी एका माशाकडून दुसऱ्याकडे मोर्चा वळवला, तर ओझे फक्त जागा बदलेल. फळ्यावर रोज वेगळे नाव येत असेल आणि तो मासा कोणत्या जाळ्यातला हेही लिहिले जात असेल, तर त्या हॉटेलाला मासे द्यायला आमच्या रापणीची हरकत नाही. दर मात्र लिलावात ठरेल तोच द्यावा लागेल.