ई-सायकल विकली की दुकानदार मोकळा?

कृष्णाकाठ (कराड):
लेकीला बारावीच्या क्लासला जायला गेल्या जूनमध्ये ई-सायकल घेतली. ३४ हजार मोजले. घर ते क्लास साडेचार किलोमीटर, मध्ये एक पूल आणि एक चढ. सुरुवातीला एका चार्जिंगवर तीन दिवस निघायचे. जानेवारीपासून दुसऱ्याच दिवशी परतताना चढावर मोटर बंद पडायला लागली. आता चार्जरवर हिरवा दिवा येतो, पण दहा किलोमीटरही जात नाही. दुकानात चार खेपा झाल्या. उत्तर एकच, "मॅडम, आम्ही फक्त विकतो, कंपनीला मेल करा." कंपनीचा फोन वाजत राहतो, उचलत कुणी नाही.

बिलावर "ई-सायकल, १ नग" एवढंच. बॅटरीचा नंबर नाही. पण घेतानाच मी हट्ट धरला म्हणून मालकांनी बिलाच्या मागे निळ्या पेनाने "बॅटरी १ वर्ष वॉरंटी" लिहून सही केली, शिक्का मारला. आता म्हणतात, ते तुमच्या समाधानासाठी लिहून दिलं होतं.

पैसे मी दुकानात दिले, वस्तू दुकानाने विकली, तर पहिला जबाब दुकानानेच द्यायला हवा. कंपनी कुठल्या गावात आहे हे मी का शोधत बसू? ग्राहक कायद्यातल्या कलम ८६ मध्ये विक्रेत्याची जबाबदारी लिहिली आहे असं वाचलं. इथल्या जाणकारांनी सांगावं.

विक्रेता_सांगली:
ताई, तुमचा त्रास खोटा नाही. पण आमची बाजूही ऐका. एका सायकलमागे हातात राहतात दोन-तीन हजार. त्यातून भाडं, पोराचा पगार, फ्री सर्व्हिसिंग. बॅटरी बिघडली की कंपनी म्हणते पाठवून द्या. लिथियमची बॅटरी कुरिअरवाले घ्यायला तयार नसतात, ट्रान्सपोर्टने टाकावी लागते, भाडं माझ्या खिशातून. दीड महिना झाला की उत्तर येतं, "पाणी गेलंय, वॉरंटीत बसत नाही." माझ्या दुकानात मागच्या खोलीत अशा सहा बॅटऱ्या पडून आहेत, आणि ती कंपनीच बंद झाली. माझं डिपॉझिट गेलं ते वेगळंच. मी कुठे दाद मागू?

आणि गिऱ्हाईकही कमी नाही. मे महिन्यात गावाला जाताना बॅटरी पूर्ण उतरलेली तशीच ठेवून जातात, महिन्याने आले की ती मेलेली असते. दुसऱ्या गाडीचा चार्जर लावतात. प्रेशरने धुतात. सगळ्याचं खापर दुकानावर कसं फोडता?

वकिलीण (नाशिक):
कृष्णाकाठ, कलम ८६ तुमच्या कामाचं नाही. २०१९ च्या ग्राहक संरक्षण कायद्यातली उत्पादन दायित्वाची कलमं ही वस्तूमुळे कुणाला इजा झाली किंवा दुसऱ्या मालमत्तेचं नुकसान झालं तर लागतात. वस्तू स्वतःच बिघडली, एवढं त्यात बसत नाही. बॅटरी पेटून घर जळलं असतं तर गोष्ट वेगळी होती.

तुमचा मुद्दा साधा आणि जास्त पक्का आहे: वस्तूतला दोष. कायद्यात दोषाची जी व्याख्या आहे, तिच्यात विक्रेत्याने कोणत्याही प्रकारे जो दावा केला त्यात उणं पडलं तर तोही दोषच. निळ्या पेनाने लिहिलेली ती ओळ हाच दावा. सही-शिक्का असताना "समाधानासाठी लिहिलं" हे ग्राहक आयोगापुढे, म्हणजे ग्राहक न्यायालयापुढे, टिकवणं त्यांना जड जाईल. दुरुस्ती, बदली वस्तू किंवा पैसे परत, शिवाय भरपाई, हे सगळं मागता येतं. आधी लेखी नोटीस द्या आणि राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइन १९१५ वर तक्रार नोंदवा. जिल्हा आयोगात तुमच्याच जिल्ह्यात दावा लावता येतो, पाच लाखांपर्यंतच्या खरेदीला फी नाही, मुदत दोन वर्षं. दुकान आणि कंपनी, दोघांनाही पक्षकार करा.

सांगलीकर, तुमचं खरं भांडण कंपनीशी आहे आणि ते न्याय्य आहे. पण ते तुम्ही आधी ग्राहकाचं निस्तरून मग लढायचं, ग्राहकाला पुढे करून नाही.

विक्रेता_सांगली:
म्हणजे कंपनी पळून गेली तरी मीच भरायचं?

वकिलीण (नाशिक):
तुम्ही लेखी शब्द दिला असेल तर हो, तेवढ्यापुरतं. म्हणून लिहिण्याआधी विचार करा. कंपनीची वॉरंटी असेल तर कंपनीचं कार्ड भरून द्या, त्यावर बॅटरीचा नंबर घाला. आणि गिऱ्हाईकाने चुकीचा चार्जर लावला असेल तर ते तपासून लेखी द्या. वस्तू प्रयोगशाळेत पाठवायचा अधिकार आयोगाला आहे, खरं ते बाहेर येतं. इजा झालेल्या प्रकरणांत तर ग्राहकाने गैरवापर किंवा फेरफार केला हे सिद्ध झालं, तर विक्रेत्यावर तसा दावाच चालत नाही. कायदा तुमच्याही बाजूने आहे, फक्त कागद ठेवा.

जुना_मेकॅनिक:
फेरफारावरून बोलतो, कारण बॅटरीपेक्षा मोठं पाप तिथे चाललंय आणि त्यावर कुणी बोलत नाही. नियम काय आहे? मोटर २५० वॉटच्या आत, वेग ताशी २५ च्या आत, बॅटरी सोडून वजन ६० किलोच्या आत आणि तपासणी संस्थेचं प्रमाणपत्र, तरच नोंदणी नको, लायसन्स नको. आणि दुकानात काय होतं? मोटरचा वेग आवरणाऱ्या कंट्रोलरमधून बारीक वायरची दोन टोकं बाहेर आलेली असतात. ती सोडवली की तीच गाडी ४० ने पळते. पाच मिनिटांचं काम. त्या पाच मिनिटांत कायद्याने ती सायकल राहात नाही, मोटार वाहन होते, तेही बिननोंदणीचं, बिनविम्याचं. २०२२ च्या मे महिन्यात राज्याच्या परिवहन विभागाने अशा गाड्यांविरुद्ध मोहीम काढली होती. पुढे सगळं थंड.

विक्रेता_सांगली:
गिऱ्हाईकच मागतं हो! "लॉक काढून देता का?" हा पहिला प्रश्न असतो. मी नाही म्हटलं की पलीकडच्या गल्लीत जातं.

जुना_मेकॅनिक:
मागेल. माझा भाचा चौदा वर्षांचा. अशाच "लॉक काढलेल्या" गाडीने त्याने भाजी घेऊन चाललेल्या एका आजींना उडवलं. मांडीचं हाड मोडलं. विमा नाही, लायसन्स नाही. शस्त्रक्रियेचा खर्च माझ्या बहिणीने दागिने मोडून दिला. मोटार वाहन कायद्याच्या कलम १९९अ प्रमाणे अल्पवयीन मुलाने गाडी चालवून गुन्हा केला तर पालकाला तीन वर्षांपर्यंत कैद आणि २५ हजार दंड आहे. हे बहिणीला पोलीस चौकीत कळलं. दुकानात तिला काय सांगितलं होतं? "सायकलच आहे, पोरगं बिनधास्त चालवेल." त्या आजी अजून काठी घेऊन चालतात. गाडी विकणाऱ्याला एक दिवससुद्धा कुणी विचारलं नाही. कलम १८२अ मध्ये असं वाहन विकणाऱ्या किंवा त्यात फेरफार करणाऱ्या डीलरला एका वाहनामागे एक लाख दंड किंवा वर्षापर्यंत कैद आहे. ते कुणावर लागलेलं मी तरी पाहिलं नाही.

सांगलीवाले, तुम्ही वायर सोडवत नसाल तर तुमच्याविषयी मला आदरच आहे. सोडवत असाल तर दोन-तीन हजारांच्या नफ्याचं रडगाणं माझ्यापुढे नको.

विक्रेता_सांगली:
काका, आधी दोन-चार गाड्यांना करून दिलं, खोटं कशाला बोलू. आता बंद केलंय. पण तुमचं ऐकून त्या गाड्या कुणाकडे गेल्या ते वहीत बघतो. फोन करून बोलावतो, वायर जोडून देतो. फुकट.

मास्तरीण (कोथरूड):
मी वेगळंच सांगते. मी ज्यांच्याकडून घेतली, त्यांनी पैसे घेण्याआधी मला पौड रोडच्या चढावर फेरी मारायला लावली. बिलावर बॅटरीचा, मोटरचा आणि चार्जरचा नंबर लिहिला. बॅटरी कशी ठेवायची ते मराठीत छापलेला एक कागद दिला, तो मी फ्रिजवर चिकटवलाय: बरेच दिवस वापरायची नसेल तर निम्मी चार्ज करून ठेवा, गाडी उन्हातून आणल्या आणल्या चार्जिंगला लावू नका, रात्रभर उशाशी चार्ज करू नका. दीड हजार जास्त पडले. अर्ध्या गल्लीने मला वेड्यात काढलं. तेव्हा ग्राहकांनीही हे ऐकावं. स्वस्त दुकान निवडायचं आणि सेवा मात्र महाग दुकानाची मागायची, हे जमत नाही.

कृष्णाकाठ (कराड):
मास्तरीणबाई, आमच्या गावात दुकान एकच होतं, निवड नव्हती. बाकी पटलं.

विक्रेता_सांगली:
ताई, एक काम करा. सीटखालची बॅटरी बाहेर काढा, तळाला स्टिकर असेल. त्यावरचा नंबर आणि महिना वाचून इथे टाका. विकायच्या आधीच बॅटरी वर्षभर गोदामात पडून असेल तर दोष तुमच्या वापराचा नाही हे तिथेच कळेल. मी त्या दुकानाला ओळखत नाही, पण ओळखत असतो तरी हेच सांगितलं असतं.

कृष्णाकाठ (कराड):
काढली. स्टिकर अर्धा खरवडलेला आहे, पण महिना वाचता येतोय. मी घेतली त्याच्या चौदा महिने आधीचा. फोटो वकीलबाईंना पाठवते. सोमवारी नोटीस टाकते, आणि त्यात बिलाच्या मागच्या बाजूचीही झेरॉक्स जोडते.